दोन लिटरच्या वर

आमच्या प्रयोगशाळेत मी एका दारासाठी बदनाम आहे. दार खोलीचं नाही, फ्रिजएवढ्या एका कपाटाचं. त्या कपाटात प्लास्टिकच्या चपट्या बश्यांमध्ये नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या मेंदूतल्या पेशी वाढवतात. आत ऊब असते, ओल असते, आणि बाहेरच्या हवेत असतो त्याचा चौथा हिस्साही ऑक्सिजन नसतो. शेजारी नायट्रोजनचं मोठं सिलिंडर उभं आहे. त्यातला वायू आत सोडून ऑक्सिजनचा आकडा खाली ठेवायचा, हे गेली चौदा वर्षं माझं काम. पीएचडीला नवीन आलेल्या मुलांना आपल्या पेशी दर तासाला बघाव्याशा वाटतात. दार उघडलं की बाहेरची हवा आत घुसते आणि आकडा पुन्हा खाली यायला बराच वेळ जातो. म्हणून मी दारालाच वही लटकवली आहे: कोणी उघडलं, कधी, आकडा किती होता. कोणी खोटं लिहिलं की मला लगेच कळतं, आणि मग मी जे बोलते ते पलीकडच्या खोलीतही ऐकू जातं.

इतका कमी ऑक्सिजन कशाला, हे सगळेच विचारतात. आईनेही विचारलं होतं. "बिचाऱ्यायले घुसमटल्यासारखं नसंल होत का वं?" मी तिला समजावलं, की आपण नाकाने ओढतो ती हवा जशीच्या तशी मेंदूपर्यंत जात नाही. कवटीच्या आत पोचेपर्यंत त्यातला थोडाच ऑक्सिजन उरतो आणि मेंदू त्यातच नांदतो. पोटातल्या बाळाचा मेंदू तर त्याहून कमीत घडतो. तिथल्या कच्च्या पेशींना त्या कमीपणातच वाढायचं असतं. बाहेरच्या हवेएवढा दिला, तर काही वेळेआधीच पिकायला लागतात, काही बिघडतात, काही मरतात. फार कमी दिला तरी मरतातच. मधली एक अरुंद पट्टी असते, तेवढीच त्यांची.

पलंगावर बसलेले बाबा हे ऐकून खूश झाले. "म्हणजे माझ्यासारख्याच आहेत त्या," ते म्हणाले. "थोडक्यात भागवणाऱ्या."

बाबांनी कुही तालुक्यातल्या शाळांमध्ये चौतीस वर्षं गणित शिकवलं. वर्गात खडू आणि मधल्या सुट्टीत बिडी. आजोबा छप्पन साली दीक्षेला कुहीहून नागपूरला चालत आले होते, आणि त्यांचा पोरगा मास्तर झाला. आमच्या घरात शेत नव्हतं, दुकान नव्हतं. डोकं ही एकच इस्टेट होती आणि ती बाबांनी जपली. त्यांना पावकी, निमकीपासून औटकीपर्यंतचे सगळे जुने पाढे येत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आता तो कुणाला येत नाही आणि कुणाला लागतही नाही, पण बाबा दाढी करताना तो म्हणत. बिडीने फुप्फुसं खाल्ली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं, तर यांचा प्रश्न एवढाच, की याचा डोक्यावर काही परिणाम? "छाती गेली तरी चालंन," घरी येताना ऑटोत ते मला म्हणाले, "डोकं शाबूत पाहिजे."

प्रताप नगरच्या आमच्या घरात समोरच्या खोलीत बाबांचा पलंग आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र. खोलीतलीच हवा ओढून त्यातला ऑक्सिजन वेगळा करणारं, दिवसभर घरघरणारं. पुढच्या काचेच्या नळीत एक छोटीशी गोळी वरखाली होते, तिच्याखाली एक नॉब. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "मिनिटाला दोन लिटर. दोनच्या वर नाही. बोटाला लावायच्या यंत्रावर अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव आलं की पुरे." मी लगेच विचारलं होतं, शंभर का नको? ते हसून म्हणाले, "तुम्ही मेंदूच्या पेशींवर काम करता ना? मग तुम्हाला काय सांगायचं. यांच्या शरीराला कमीची सवय झालीय. जास्त दिलं तर नुकसान होतं." मी मान डोलावली. मला कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते न कळल्यामुळे झालं नाही.

बाबांनी त्या आकड्यांचे मार्क करून टाकले. सकाळी बोटाला यंत्र लावायचं आणि आईला ओरडून सांगायचं, "एकोणनव्वद! डिस्टिंक्शन!" ब्याण्णव आले की मेरिटमध्ये आलो म्हणून दोन पेढ्यांची मागणी. दोन वर्षं असं छान चाललं. मी प्रयोगशाळेसारखा तक्ता करून भिंतीवर लावला: वेळ, आकडा, लिटर. दर रविवारी त्याचा फोटो डॉक्टरांना पाठवायचा. माझ्या तक्त्याचं त्यांनी कौतुक केलं होतं आणि मला ते आवडलं होतं.

पण आमच्या घराला दुसरा एक आकडा माहीत होता. चौऱ्याण्णव. दुसऱ्या लाटेत सगळ्या शहरालाच तो माहीत झाला होता. ज्या बायकांना साधा थर्मामीटर वाचता येत नव्हता त्याही बोटाला यंत्र लावून चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की रडत होत्या. आमचे काका त्या एप्रिलमध्ये माझ्या शेजारी, कारच्या मागच्या सीटवर गेले. तीन दवाखान्यांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं होतं. त्यांचं बोट माझ्या हातात होतं आणि त्या बोटावर आकडा चौऱ्याऐंशी होता, मग ब्याऐंशी, मग नुसत्या रेघा. बाबांच्या बोटावर एकोणनव्वद दिसलं की मी ओठावर हसू आणायचे, पण मनात ते चौऱ्याण्णवमधून वजा करायचे. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

मागच्या एप्रिलच्या शेवटी शेजारच्या काकू बाबांना बघायला आल्या. यंत्र बाबांच्या बोटावरच होतं. काकूंनी वाकून बघितलं आणि छातीवर हात ठेवला. "सत्त्याऐंशी? अगं, कोविडमध्ये आम्ही नव्वदला अॅडमिट केलं होतं यांना! आणि तुम्ही घरी ठेवून राहिल्या?" मी त्यांच्यावर चिडलेच. म्हटलं, काकू, यांचं तेवढंच असते, डॉक्टरनं सांगितलं आहे, उगाच घाबरवू नका. काकू हिरमुसल्या, चहा अर्धा ठेवून गेल्या. त्या गेल्यावर मी दार लावलं, परत आले, यंत्राकडे बघितलं. सत्त्याऐंशीच. बाबा पेपर वाचत होते, त्यांना काही होत नव्हतं. मी नॉब अडीचवर नेला.

एकोणनव्वद झालं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तक्त्यात लिटरच्या रकान्यात मी "२" लिहिलं. मनात म्हटलं, थोडा वेळच ठेवतेय, उद्या परत दोनवर आणू, उगाच अडीच लिहून डॉक्टरांना प्रश्न विचारायला लावायचे कशाला. दुसऱ्या दिवशी दोनवर आणलं, तर अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी म्हणजे बरोबर आकडा. डॉक्टरांचा आकडा. पण आदल्या दिवशी मी नव्वदच्या जवळचं बघितलं होतं आणि आता अठ्ठ्याऐंशी मला कमी वाटायला लागलं. मी परत अडीच केलं. मग तीन. तक्त्यात दोन, दोन, दोन. माझ्या प्रयोगशाळेतल्या एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला उभं जाळलं असतं.

मे महिन्यात नागपुरात जे होतं ते झालं. कूलर दिवसभर ओरडतोय, ऑक्सिजनचं यंत्र ओरडतंय, रस्त्यावर दुपारी कुत्रंही नाही. बाबा झोपायला लागले. पेपर हातात घेऊन झोपायचे, जेवताना झोपायचे. सकाळी उठल्यावर डोकं दुखतं म्हणायचे. कुहीची आत्या, बाबांची मोठी बहीण, पन्ह्यासाठी कैऱ्या घेऊन आली होती, ती राहिलीच. तिने एका नजरेत निकाल दिला. "ऊन लागलं त्याले." तिने बाबांच्या बंडीच्या खिशात कांदा घातला, पायांना कैरीचा गर चोळला. "काहून गा बाबू, बोलत काहून नाही?" ती त्यांना हलवून विचारायची. बाबा डोळे उघडून हसायचे आणि परत मिटायचे. उन्हात ते गेलेच नव्हते, पण आम्हाला तिघींनाही ते पटलं, कारण ऊन लागणं हा आमच्या माहितीतला आजार होता आणि त्यावर करण्यासारखं घरात काहीतरी होतं.

चार दिवसांनी बाबांनी आईला विचारलं, "शाळेची घंटी झाली का?" आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी बाबांसमोर खुर्ची घेऊन बसले. म्हटलं, बाबा, औटकी म्हणा बरं. त्यांना बरं वाटलं असावं, कारण ते थोडे सरसावून बसले. "साडेतीन, सात, साडेदहा, चौदा..." आणि थांबले. "चौदा," परत म्हणाले. मग "पंधरा." मग माझ्याकडे बघितलं. आपलं काहीतरी चुकलं आहे एवढं त्यांना कळत होतं आणि काय चुकलं ते कळत नव्हतं. मला भीती वाटली, आणि माझी भीती नेहमी रागाच्या वाटेने बाहेर येते. मी म्हटलं, "बाबा, नीट लक्ष द्या ना!" मी उठून नॉब चारवर नेला. मेंदूला ऑक्सिजन कमी पडतोय, दुसरं काय असणार? बोटावर सत्त्याण्णव आलं. सत्त्याण्णव! दोन वर्षांत कधी आलं नव्हतं. आई म्हणाली, "पाहा, किती चांगलं आलं," आणि आत्याने हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना चहा पाजत होते. त्यांनी कप बाजूला केला आणि नाकातल्या नळीकडे बोट दाखवलं. अगदी स्पष्ट म्हणाले, "तो ऑक्सिजन कमी कर वं. त्याच्यानं डोकं जड होऊन राहिलं माझं. मले दम नाही लागून राहिला, काहून वाढवून राहिली?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाले आता समजत नाही. मी पाहून राहिली ना?"

ते म्हणाले, "बरं." आणि डोळे मिटले. या आजारात चूक काय झाली ते एकाच माणसाने ओळखलं होतं, आणि ते ज्याचं डोकं गेलं असं मी ठरवून टाकलं होतं त्या माणसाने.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी ते उठलेच नाहीत. हाक मारली की हुंकार द्यायचे, तेवढंच. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते, दुसरे तरुण डॉक्टर होते. आईने फाइल पुढे केली आणि फाइलमध्ये वर माझा तक्ता. घरून निघताना भिंतीवरून काढून तिनेच तो नीट घडी करून ठेवला होता. "माझी पोरगी मेंदूच्याच कामात आहे," ती डॉक्टरांना म्हणाली. कधी नव्हे तो तिच्या आवाजात अभिमान होता. डॉक्टरांनी तक्ता वाचला. "छान ठेवलंय," म्हणाले. "दोन लिटरच चालू होता? वाढवला नाही ना कोणी?"

आईने माझ्याकडे बघितलं. तिने मला नॉब फिरवताना पाहिलं होतं, दोनदा तरी. मी काहीच बोलले नाही. आईही बोलली नाही. ती माझ्या अब्रूसाठी गप्प बसली हे मला तिथेच, त्या क्षणी कळलं.

"दोन लिटरवर असं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "मग मेंदूतच काहीतरी असणार. अटॅक असू शकतो, रक्तस्राव असू शकतो. आधी डोक्याचं स्कॅन करून घेऊ." बाबांना ढकलगाडीवर घेतलं. छातीशी छोटं सिलिंडर ठेवलं आणि मेंदूचा पेशंट म्हणून तोंडावर मास्क लावून ऑक्सिजन भरपूर सोडला. स्कॅनच्या दाराबाहेर आमच्या आधी चार जण होते. मी गाडीला धरून उभी राहिले. आई भिंतीजवळच्या बाकावर बसली होती, पदर तोंडाला लावून, आणि एकच वाक्य हळूहळू म्हणत होती, "त्यायचं डोकं नको जाऊ देऊ." ती कुणाला सांगत होती कोण जाणे. आम्ही देवाला मानणारे लोक नाही.

बाबांचा हात गाडीवरून खाली लोंबत होता. मी तो धरला. हात गरम होता आणि लाल, मनगटापासून असा मध्येच झटकत होता, जणू कोणी बोलावतंय आणि हे नको म्हणतायत. श्वास उथळ झाला होता आणि मधलं अंतर वाढत होतं. बोटावरचं यंत्र मात्र मजेत होतं. नव्व्याण्णव. मी त्या आकड्याकडे बघत होते आणि पहिल्यांदा मला त्याची किळस आली. इतका चांगला आकडा आणि माणूस चाललाय. चौदा वर्षं मी पोरांना ओरडून सांगत आले होते की जास्त म्हणजे चांगलं नव्हे. आणि इथे माझ्या बापाच्या बोटावर नव्व्याण्णव होतं आणि ते मी आणलं होतं.

मी आईला म्हटलं, इथे थांब, आणि धावत गेले. डॉक्टर दुसऱ्या पेशंटपाशी होते. मी मध्येच म्हटलं, "डॉक्टर, तो तक्ता खोटा आहे. चार लिटर होता. तीन आठवडे मी वाढवत नेला. मीच लिहिलं दोन."

त्यांनी मला काही विचारलं नाही. ते माझ्याआधी धावले. सिलिंडरचा ऑक्सिजन कमी केला, गाडी फिरवून आत घेतली, मनगटाच्या आतल्या धमनीत सुई टोचून रक्त काढलं. थोड्याच वेळात कागद आला. मला तो वाचता येत होता. ऑक्सिजन भरपूर होता. आणि जो बाहेर टाकायचा तो कार्बन डायऑक्साइड रक्तात इतका साठला होता की त्याने मेंदू झोपवून टाकला होता. डॉक्टरांनी आईला साध्या भाषेत सांगितलं, की यांची फुप्फुसं आधीच जुनी हवा धड बाहेर काढू शकत नाहीत. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला की ती आणखीनच साठते आणि डोक्यात चढते. जितका ऑक्सिजन वाढवाल तितका माणूस गुंगेल, आणि गुंगला म्हणून तुम्ही आणखी वाढवाल. आई ऐकत होती. "म्हणजे डोक्याचा आजार नव्हता?" तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आजार छातीचाच. डोक्यापर्यंत आपण नेला." आपण म्हणाले ते, हा त्यांचा चांगुलपणा.

बाबांना घट्ट बसणारा मास्क लावला. तो श्वास आत ढकलतो आणि आतली हवा बाहेर काढायला मदत करतो. पहिल्या दिवशी काही झालं नाही. मी बाहेरच्या खुर्चीवर बसून होते आणि माझ्या मनात एकच होतं, की हे वाचले आणि डोकं परत आलं नाही, तर त्यांच्या हातून जे जाऊ नये असं त्यांना वाटत होतं नेमकं तेच मी घालवलं. आत्या डबा घेऊन आली तर तिच्यावरही मी खेकसले. भाजीत मीठ जास्त आहे म्हणून. तिने डबा ठेवून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला तेव्हा रडू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरने बोलावलं. बाबा डोळे उघडून मास्क ओढायचा प्रयत्न करत होते. "हे काढा गा कोणी," मास्कच्या आतून ते म्हणाले. "मिशीत खाज सुटली." आईचा जीव भांड्यात पडला. माझा अर्धाच पडला. मला पुढचे दिवस मोजायचे होते.

पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो. बाबा बाबाच होते, बोलत होते, कूलरमध्ये पाणी नाही म्हणून कुरकुरत होते. मधले पंधरा-वीस दिवस मात्र त्यांच्या डोक्यातून पुसले गेले होते. आत्या कधी आली, शाळेच्या घंटीचं काय, काही आठवत नव्हतं. आणि अजूनही कधी कधी बोलता बोलता ते थांबतात. समोरच्या माणसाचं नाव जिभेवर येत नाही, दोन संख्यांची बेरीज करताना मध्येच अडतात. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले वय आहे, आजार जुना आहे, त्या पंधरवड्याने काही नुकसान केलं का हे आता सांगता येणार नाही. मी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना विचारलं, पुस्तकं उघडून बसले. बशीतल्या पेशीला किती ऑक्सिजन दिला की तिचं काय होतं ते मी सांगू शकते. बाबांच्या डोक्यात काय होतं आणि त्यातलं काय मी पुसलं ते मला कधीच कळणार नाही. मला याचा त्रास होतो, रोज होतो.

त्यांना आठवत नाही म्हटल्यावर गप्प बसणं सोपं होतं. आईने तसं सुचवलंही. "कायले सांगतं? बरे झाले ना ते." मला ते जमलं नाही. एका सकाळी आई भाजी आणायला गेली होती तेव्हा मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. नॉब, तक्ता, डॉक्टरांसमोर गप्प बसले ते. शेवटी हेही सांगितलं, की तुम्ही मला कमी कर म्हणाला होतात.

"मी म्हणालो होतो?" त्यांनी विचारलं. त्यांना त्याचंच जास्त नवल वाटलं. "मले समजलं होतं?"

"हो."

"मग तू काय म्हणाली?"

मी म्हटलं, "म्हटलं, तुम्हाले आता समजत नाही."

मला वाटलं रागावतील. बाबांचा राग मला माहीत आहे, माझा त्यांच्याकडूनच आला आहे, आणि त्या दिवशी तो मला हवा होता. ते रागावले नाहीत. म्हणाले, "नॉब आता तुझी आई पाहीन. तू हात नको लावू."

"आईला त्यातलं काही समजत नाही, बाबा."

"म्हणून तर ती मले विचारते," ते म्हणाले. "तुले सगळं समजते."

तेव्हापासून नॉब आईकडे आहे. ती आधी विचारते, "कसं वाटून राहिलं?" आणि मग बोटाला यंत्र लावते. तक्ताही तीच लिहिते, वाकड्यातिकड्या अक्षरात, आणि कधी विसरली तर रकाना तसाच कोरा ठेवते. मला माझ्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं. प्रयोगशाळेत मी अजूनही दारावरून ओरडते. स्वभाव काही गेला नाही.

परवा दुपारी आई विहारात गेली होती. घरी मी आणि बाबा. त्यांनी स्वतःच यंत्र बोटाला लावलं आणि मला आकडा दिसला. सत्त्याऐंशी. मी उठले. दोन पावलं टाकली तेव्हा लक्षात आलं, की मी कुठे चालले आहे. मी तिथेच थांबून विचारलं, "बाबा, कसं वाटून राहिलं?"

त्यांनी सावकाश विचार केला. "बरं आहे," म्हणाले. "आईले येऊ दे."

मी परत खुर्चीवर बसले. आई यायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, आणि बाबा यंत्राकडे बघत नव्हते. परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरावर लक्ष ठेवावं तसे ते माझ्याकडे बघत होते.